एकदाच दिसेल
सिनेमाआधी दाखवायच्या बातम्यांची सत्तर वर्षं जुनी फिल्म इतकी सुकली होती की यंत्रातून एकदा धावताच तुकडे पडणार. “एकदाच दिसेल, आजी,” ऑपरेटरनं बजावलं. आजींचे वडील संपाच्या दिवशी गायब झालेले. पळपुट्याची पोर म्हणून आजींनी जन्मभर टोमणे ऐकले. पडद्यावर कारखान्याचं फाटक आलं, पोलिसांची गाडी आली आणि एका माणसानं वळून पाहिलं. “बाबा! थांबवा हो, थांबवा!” ऑपरेटरचा हात बटणावर गेला आणि तिथंच थिजला. फिल्म थांबली, तर दिव्याच्या आचेनं तो चेहरा आजींच्या डोळ्यांदेखत जळणार. मनावर दगड ठेवून तो बटणाकडेच बघत राहिला. यंत्र खडखडलं, पडदा पांढरा झाला. “हातांत बेड्या होत्या,” आजी पुटपुटल्या. “बाबा पळाले नव्हते. तुम्हीही पाहिल्यात ना?” ऑपरेटरनं जमिनीवरचे तुकडे उचलले. “पाहिल्या, आजी. दोन्ही हातांत होत्या. लिहून देतो.”