मिठाचं पाणी

आमच्या ग्रीक गावात माणूस पुरल्यावर तीन वर्षांनी कबर उघडून हाडं वाइनने धुतात. स्तामातिसची उघडली, तर देह जसाच्या तसा. "दारूत मुरलेला गं, लोणच्यासारखा टिकणारच!" शेजारीण कुजबुजली. पाद्रीबाबा म्हणाले, "कुणाचा तरी शाप आहे, म्हणून माती घेत नाही. ज्याचा असेल त्यानं सोडवावं याला." त्याची आई गारुफालिया पुढे आली. "माझाच, बाबा. ऑलिव्हची बाग विकून निघाला, तेव्हा म्हटलं होतं, माती घेणार नाही तुला." बाबांनी पाण्याचा वाडगा आणि मूठभर मीठ दिलं. मीठ ढवळत ती पुटपुटली, "हे विरतंय, तसा माझा शाप विरू दे." ते पाणी तिनं लेकावर शिंपडलं. "सुटला तो," बाबा म्हणाले. "आता तू देवाकडे क्षमा माग." "देवाला कुठे शाप दिला होता मी?" ती कबरीत वाकली. "तू बोल ना, बाळा, माफ केलंस म्हणून."