आणखी मऊ

गोड, फेसाळ मूसचा रिकामा कप कचऱ्यात टाकता टाकता तिचं लक्ष झाकणाकडे गेलं. ‘नवीन! आता आणखी मऊ!’

तिने कप पुसून खिडकीशी धरला आणि बारीक अक्षरं वाचली. दूध, साखर, स्ट्रॉबेरी, गाईचं जिलेटिन.



तीन वर्षांपूर्वी जंगलात झाडांची मोजणी करताना नवऱ्याला गोचीड चावली, आणि तेव्हापासून कुठल्याही सस्तन प्राण्याचं मांस त्याला सोसेनासं झालं. मांस टाळणं सोपं होतं. पण जिलेटिन हाडाकातड्यापासून करतात, आणि ते जेलीत, मूसमध्ये, केकवरच्या थरात गपचूप दडून बसतं. पहिल्यांदा जेवणानंतर चार तासांनी त्याचा घसा सुजला होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. ते ओठ तिच्या डोळ्यांपुढून कधी हललेच नाहीत.

मग ती लेबलं वाचू लागली. दुकानदार तिला ‘इन्स्पेक्टरबाई’ म्हणायचा. ‘तुमची जेली घट्ट कशाने होते?’ असं विचारून तिने कंपन्यांना भंडावून सोडलं. कुणाकडे जेवायला जाणं बंद झालं, प्रवास बंद झाला. गेल्या वर्षी तिच्या ताईच्या दूरच्या शहरातल्या संग्रहालयाने तिला जुन्या हस्तलिखितांच्या डागडुजीसाठी बोलावलं. दोन वर्षांचं काम, तिच्या अगदी हातखंड्याचं.

“जा ना,” नवरा म्हणाला होता. “मी बघेन माझं.”

दुसऱ्याच दिवशी तो रंगीत गोळ्यांची पुडी घेऊन आला. “यात असतं का गं ते?”

असतं, म्हणाली ती. आणि संग्रहालयाला नकार कळवला. पत्र टाकून आल्यावर न्हाणीघराचा नळ सोडून ती बराच वेळ आत बसली होती.

हा मूस मात्र भरवशाचा होता. समुद्री शेवाळाने घट्ट केलेला, वर्षानुवर्षं तोच. म्हणून आज तिने लेबल पाहिलं नाही. एवढा एकच दिवस.

भिंतीवर पावणेपाच वाजले होते. त्याने कप संपवला तेव्हा एक वाजला होता.

ती बाहेरच्या खोलीत धावली. तो सोफ्यावर आडवा होता, मान खाजवत. मानेवर लाल चट्टा होता.

“ऊठ! चपला घाल!” अशा वेळेसाठी घरात ठेवलेलं इंजेक्शन एका हातात, फोन दुसऱ्या हातात. दवाखान्याचा नंबर तिला पाठच होता.

“अगं, झालं काय?”

“मूसमध्ये जिलेटिन होतं. मी वाचलंच नाही रे. माझ्या हाताने वाढलं तुला.” पलीकडे रिंग वाजत होती. “श्वास घ्यायला जड जातंय का? खरं सांग.”

“नाही. डास चावलाय.”

“तसंच सुरू होतं! तुला काही झालं तर मी—”

तो उठून बसला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पलीकडून कुणीतरी “हॅलो” म्हणालं.

त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

“मला काही होणार नाही,” तो हळूच म्हणाला. “दीड वर्ष झालं, डॉक्टरांनी ‘आता बरा झालास, सगळं खा’ म्हणून सांगितलंय.”