कॉम्प्युटरचा तास

सरकारी शाळेला एकदाच्या कॉम्प्युटरच्या बाई मिळाल्या. मुलं हरखली, बाईही हौसेने आल्या. पण हेडसरांनी त्यांना पहिल्याच दिवशी ऑफिसात बसवलं. "मुलं काय पळून जाताहेत? आधी माहिती भरा, वरून सारखे फोन येताहेत!" कुठल्या वर्गाचे किती तास झाले, कोण काय शिकलं, हे रोज ऑनलाइन भरता भरता बाईंचं वर्ष सरलं. लॅबचं कुलूप काही निघालं नाही.

शेवटच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी धीर करून ऑफिसच्या दारात आली. "बाई, आमचा कॉम्प्युटरचा तास कधी?"

बाईंनी तिचा हजेरी नंबर विचारला, यादीत शोधला.

"अगं, तुझा कोर्स कालच पूर्ण झाला. शाळेत पहिली आलीस!"