डोळे मिटा

ताण घालवायच्या ऑनलाइन प्रशिक्षणात कॅमेरा चालू आणि डोळे बंद, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. तिचे इअरफोन बिघडलेले, त्यामुळे “श्वास आत... सावकाश बाहेर...” हा प्रशिक्षक बाईंचा मऊ आवाज खोलीभर घुमत होता. तिचं लक्ष मात्र मागच्या पलंगाकडे. हॉस्पिटलातून आल्यापासून सासऱ्यांनी ना स्वतः डोळ्याला डोळा लावला होता, ना घरात कुणाला लावू दिला होता. मध्येच त्यांचं कण्हणं थांबलं, तशी ती दचकून वळली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

शेवटी साहेब कडाडले, “सगळे डोळे मिटून बसले, तुमचेच तेवढे टक्क उघडे! असा जाणार का ताण?”

तिने ओठांवर बोट ठेवलं. “गेला, साहेब. पण जरा हळू बोला. सासऱ्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय.”