मागची काच

दुबईहून आलेल्या गुणाजीच्या गाडीची मागची काच बटण दाबलं की तापायची आणि तिच्यावरचं धुकं विरायचं. अख्खी वाडी ते बघायला यायची. दुसऱ्याची टॅक्सी चालवणाऱ्या केरूच्या, गुणाजीच्या थोरल्या भावाच्या, पोटात दुखायचं.

एकदा काच तापेना. केरूनं पाहिलं, काचेच्या कडेची वायर नुसती निसटली होती. त्यानं ती तशीच सोडली.

"आतल्या तारा जळल्या. हिकडं नाय मिळायची अशी काच," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं.

गुणाजी हिरमुसला. "दादा, परत जाताना सांगणार होतो. आंबा घाटात धुक्यात तुला मागचं दिसत नाय, म्हणून मुद्दाम अशी काच बघून आणली. गाडी तुझीच हाय."

पक्कड घेऊन, भावाकडे पाठ करून, केरू पुन्हा काचेशी वाकला.