वेणूची ओळ

"दिपा, एकूण आकडा गोड बोलतो गं. वर्गवार फोडून बघ, मगच खरं कळतं." मालवाहू ट्रेलरच्या धंद्याचं नियोजन संगणकावर कसं करायचं, हे शिकवताना वेणूताई म्हणायची.

वेणूताई आजारात गेली. तिच्या खुर्चीत दिपा बसली, आणि पुढे वेणूताईच्या नवऱ्याशी, रूपेशशी लग्न होऊन तिच्या घरातही आली. तरी रूपेश जेवताना म्हणायचाच, "वेणूच्या हातची आमटी वेगळीच." गुरुवारचा उपास सोडताना दिपा आमटीची वाटी बाजूला सारायची.

त्या दुपारी पनवेलच्या ऑफिसात तिने येत्या वर्षाचा घरखर्च माणसांनुसार फोडला. रूपेश, दिपा, आणि खाली वेणू.

"अहो, तिच्या फोटोला रोज हार घालता, तो पुरत नाही होय? इथंही नाव घातलंत?"

"मी नाय घातलं," रूपेश टेबलापलीकडून म्हणाला.

दिपाने ती ओळ पुसली. एकूण आकडा तसूभर हलला नाही. पुन्हा फोड केली, तर वेणू परत आली, आता दिपाच्या वर. तिच्या नावाखाली खर्च उलगडत गेला: अबोलीचा गजरा, हिरव्या बांगड्या, नव्या चपला.

मग दिपाने महिनावार खर्च उघडला. पुढच्या महिन्यापासून वेणूची ओळ भरलेली होती. त्याच महिन्यापासून दिपाची रिकामी.

"अहो, बघा ना हे!"

रूपेशने पाहिलं. त्याला नवल वाटलं नाही. त्याने गाडीची किल्ली उचलली.

"वेणूला शब्द दिलेला, परत घरी न्यायला येईन म्हणून," तो हळूच म्हणाला आणि जिना उतरू लागला.