अवैध क्लिक

"बंदी कायमची आहे," मेहुणी म्हणाली. "आता कितीही विनवण्या केल्या तरी ते ऐकणार नाहीत."

भूगोलाचे मास्तर स्क्रीनकडे बघत राहिले. जाहिरात कंपनीचं उत्तर कोरडं होतं. तुमच्या साइटवरच्या जाहिरातींवर अवैध, म्हणजे पैसे वाढवण्यासाठी मुद्दाम केलेले, क्लिक झाले आहेत, खातं बंद केलं आहे, पुन्हा कधीही उघडता येणार नाही.

मास्तरांची साइट ढगांची होती. शाळेच्या गच्चीवरून, बसच्या खिडकीतून, कुठूनही ते आभाळाचे फोटो काढत आणि खाली चार ओळी लिहीत. ढगांचे डोंगर चढताना दिसले की भर रस्त्यात उभे राहत, मागून हॉर्न वाजले तरी भान नसे. पोरं त्यांना 'ढगमास्तर' म्हणत. जाहिरातींवर साइटचा खर्च भागे, पण तो पगारातूनही भागला असता. मनाला लागलं होतं ते वेगळंच. उभ्या जन्मात वर्गात कुणाला कॉपी करू दिली नाही, आणि आता स्वतःच लबाड ठरलो.

"माझ्यावर कुणीतरी डूख धरलाय," ते म्हणाले. "शोधून काढ."

साइट बांधणं हाच मेहुणीचा धंदा. तिने नोंदी चाळल्या.

"भाऊजी, रागावू नका. क्लिक तुमच्याच घरातून झालेत. तुमच्याच वाय-फायवरून, भर दुपारी."

दुपारी मास्तर शाळेत असत. घरी असे बायको. ती पुढच्या खोलीत बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची.

"माझं काम चुका शोधायचं," ती मान वर न करता म्हणाली. "करायचं नाही."

राहता राहिल्या दिवसभर कामाला येणाऱ्या मावशी. मास्तरांच्या आईला पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच तिचं सगळं करत होत्या. आईचे डोळे तेवढे फिरत, बाकी देह लाकूड झाला होता. जे सुधारायचं ते सुधारलं, आता आशा लावून बसू नका, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. मग व्यायाम करून घेणाऱ्या बाईही यायच्या थांबल्या. तिने दिवसभर नुसतं छत बघू नये म्हणून मास्तरांनी आपली साइट लावलेला टॅब तिच्या पांघरुणावर टेकवून ठेवायला सांगितलं होतं.

"टॅबला तुम्ही हात लावता?" मास्तरांनी विचारलं.

"लावते की. तो आपोआप भलतीकडेच जातो. काल चपलांच्या दुकानात गेला होता. आजींना ढग हवेत, म्हणून मी परत लावते."

"आपोआप काही जात नसतं, मावशी."

मावशींनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "दादा, मी या घरातला साखरेचा दाणा कधी न विचारता घेतला नाही. एवढा संशय असेल तर दुसरी बाई बघा."

रात्री बायको त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मावशी गेल्या तर आईला कूस कोण बदलून देणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मास्तरांचा हट्ट सुटेना. चोर समोर आला की सगळ्यांचीच तोंडं बंद होतील, असं त्यांनी मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी ते अर्धी रजा टाकून निघाले. चपला हातात घेऊन चोरपावलांनी आत आले आणि आईच्या खोलीच्या दाराआड उभे राहिले. फटीतून सगळं दिसत होतं. मावशींनी आईचे केस विंचरले, टॅब नीट टेकवला, पांघरूण सारखं केलं. जाहिरातींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग भांडं उचलून त्या गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या. पुढच्या खोलीत बायको पानं उलटत होती.

म्हणजे दोघीही नाहीत. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. मावशींची माफी मागायला ते वळणार, इतक्यात खोलीतलं काहीतरी हललं.

इतकी वर्षं मान मोडेपर्यंत आभाळ पाहिलं होतं, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. हातातल्या चपला कधी खाली पडल्या, त्यांना कळलंही नाही.

पांघरुणावरून आईचं बोट गोगलगाईच्या गतीने पुढे सरकत होतं. टॅबवरच्या पांढऱ्याशुभ्र ढगापर्यंत ते पोचलं, थरथरलं, जरासं खाली घसरलं आणि जाहिरातीवर टेकलं.